देवपूर ऐकतंय

सरांचा मोबाइल पोळ्यांच्या डब्यात असायचा. स्टीलचा, घट्ट झाकणाचा डबा. तळाशी एक जुना रुमाल, त्यावर मोबाइल आणि वरून झाकण. झाकण लागलं की मोबाइलचा आणि जगाचा संबंध तुटायचा. "सर, तुमचा फोन लागतच नाही," अशी कुणी तक्रार केली की ते शांतपणे म्हणायचे, "जेवत असेल." सकाळी चहा झाल्यावर आणि संध्याकाळी दिवे लागल्यावर थोडा वेळ झाकण उघडायचं. तेवढ्यात ज्याचा फोन लागला त्याचं नशीब थोर. फोन घेतल्यावर हॅलो नाही, नमस्कार नाही, थेट "देवपूर ऐकतंय, बोला."

समोरच्याने बोलायचं, आणि मग तेच पुन्हा एकदा बोलायचं. हा नियम सगळ्यांना सारखा होता. बँकेतल्या साहेबालाही होता आणि दूधवाल्यालाही. "एकदा आलेला निरोप म्हणजे अफवा. दोनदा आला तर खरा," असं सर म्हणत. दूधवाला बिचारा दारात उभा राहून "उद्या दूध येणार नाही" हे वाक्य दोनदा म्हणायचा आणि मगच सायकलवर टांग टाकायचा.

धुळ्याच्या एका कॉलेजात सरांनी पदार्थविज्ञान शिकवलं होतं. निवृत्त झाल्यावर माणसं प्लॉट घेतात, नाहीतर भजनी मंडळात जातात. सरांनी धुळ्यातल्याच देवपूर भागातल्या आपल्या घराची मागची खोली रिकामी केली, तिथे दोन टेबलं मांडली आणि कारखाना सुरू झाल्याचं जाहीर केलं. त्या कारखान्यातली पहिली आणि शेवटची कामगार मी. जळगावहून इंजिनियर होऊन बाहेर पडले होते आणि कुठेच काही जमत नव्हतं. मुलाखत अशी झालीच नाही. गाव कोणतं, एवढंच त्यांनी विचारलं. पाचोरा म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला. "जंक्शनची मुलगी. छान. जंक्शनच्या माणसाला थांबायची सवय असते. आमच्या धंद्यात सगळ्यात जास्त तेच करावं लागतं." त्या दिवसापासून मी पाचोरा झाले. माझं नाव त्यांना शेवटपर्यंत माहीत होतं की नाही, मला शंका आहे.

माणसाला त्याच्या गावानेच हाक मारायची, ही त्यांची जुनी खोड. कॉलेजातल्या शिपायाला ते शिरपूर म्हणत. काकूंचं माहेर सोनगीरचं, म्हणून लग्न झाल्यापासून काकू सोनगीर. "सोनगीर, देवपूरला चहा पाहिजे," अशी आरोळी मागच्या खोलीतून गेली की स्वयंपाकघरातून उत्तर यायचं, "सोनगीर गेलं खड्ड्यात! चहा कधीचा ओतून ठेवलाय, गार होतोय." उत्तर सरांपर्यंत पोहोचायचं नाही, आणि चहा रोज गारच व्हायचा.

पोहोचायचं नाही, कारण सरांना ऐकू कमी यायला लागलं होतं. डावा कान जवळजवळ गेलेला, उजवा त्याच वाटेवर. मला हे पहिल्याच आठवड्यात काकूंनी सांगितलं, भाजी निवडता निवडता. "उजव्या बाजूने बोलत जा गं. आणि तुला माहीत आहे हे त्यांना कळू देऊ नकोस. झाकली मूठ आहे, राहू दे." मग मला एकेक उलगडत गेलं. निरोप दोनदा का, समोरच्याने तोंडाकडे बघून का बोलायचं, गाडी नेहमी मी का चालवायची आणि ते डावीकडच्या सीटवरच का बसायचे. आणि ते इतकं बोलायचे का, तेही. माणूस सतत बोलत राहिला की त्याला कुणी काही विचारत नाही. सगळ्या देवपूरला हे ठाऊक होतं. फक्त सरांना वाटायचं की कुणालाच ठाऊक नाही.

आमच्या खोलीत छोटे छोटे डबे तयार व्हायचे. शेतात, नाल्याकाठी, टेकडीवर ठेवायचे. तिथली थंडी, ऊन, हवेतला ओलावा, मातीतलं पाणी मोजायचं आणि गावात कळवायचं. मोजणं सोपं असतं. चांगलं यंत्र विकत मिळतं. खरी गोची कळवण्यात असते. जिथे वीज नाही, तार नाही, माणूस जात नाही, तिथून बिनतारी निरोप आणायचा तो कोणत्या वाटेने? या एका प्रश्नावर सर तासन् तास बोलू शकत. त्यांचे चार प्रश्न होते, आणि कुणीही काम घेऊन आला की ते त्याला खुर्चीवर बसवून एकेक बोट दुमडत विचारायचे. काय सांगायचंय? कुणाला सांगायचंय? किती वेळा सांगायचंय? आणि सांगणाऱ्याने खायचं काय? चौथा प्रश्न बॅटरीचा. "जो फार बोलतो त्याची बॅटरी लवकर संपते," हे त्यांचं आवडतं वाक्य. त्यावर काकू एकदा दारातून म्हणाल्या, "मग तुमची अजून कशी चालू आहे?" सरांना ते ऐकू आलं नाही. मी मात्र हातातली सोल्डरिंगची कांडी खाली ठेवून हसत सुटले. कशाला हसतेस म्हणून त्यांनी विचारलं, आणि मला काकूंचं वाक्य दोनदा म्हणून दाखवावं लागलं.

सोनगीरच्या किल्ल्याची गोष्ट सांगितल्याशिवाय सर पुरे होणार नाहीत. नवा रेडिओ किती लांब पोहोचतो हे त्यांना बघायचं होतं. डबा त्यांनी घराच्या गच्चीवर ठेवला आणि ऐकणारं यंत्र देऊन मला सोनगीरच्या किल्ल्यावर पाठवलं. ऊन मी म्हणत होतं. वर पोहोचून यंत्र सुरू केलं, आणि काय सांगू, देवपूरच्या गच्चीवरचं तापमान माझ्या हातात! मधे एवढं रान, एवढा हायवे, आणि निरोप खणखणीत येत होता. मी आनंदाने सरांना फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. लागेना. फोन जेवत होता. संध्याकाळी देवपूरला परतले तर सर अजून गच्चीवरच. टोपी घालून, दोन्ही डबे शेजारी घेऊन, माझी वाट बघत. चेहरा पार उतरलेला. "नाही ना पोहोचलं?" म्हणाले. पोहोचलं म्हटल्यावर आधी त्यांनी मला दोनदा सांगायला लावलं आणि मग उखडलेच. "मग कळवलं का नाहीस?" मी नुसतं डब्याकडे बोट दाखवलं, पोळ्यांच्या. सर गंभीरपणे म्हणाले, "दोष डब्याचा नाही. उत्तर द्यायची वाट आपण ठेवली नव्हती. ठेवू." आपली चूक आहे असं म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. चूक नेहमी वाटेची, वाऱ्याची, नाहीतर विद्यापीठाची असायची.

त्या फजितीनंतर त्यांनी भोंगा बनवला. ऐकणाऱ्या यंत्राला एक लहानसा, पातळ आवाजाचा भोंगा. निरोप आला की एकदा वाजायचा. ट्रॅक्टरच्या धडधडीतही ऐकू जावा म्हणून आवाज मुद्दाम टोकदार ठेवला होता. दिवा लावू या, सर, म्हणजे दिसेलही, असं मी सुचवलं तर माझ्यावर डाफरले. "निरोप ऐकायचा असतो, बघायचा नसतो. पडद्यावर काय, काहीही दिसतं." ज्या माणसाचे कान जायला लागलेत तो दिवा नाकारतो आणि भोंग्यावर अडून बसतो. मला तेव्हा राग यायचा. आता वाटतं, तो त्यांचा कानांशी चाललेला हट्ट होता.

आणि मग रावेर तालुक्यातलं ते काम आलं.

तिथल्या केळीवाल्यांचा एक गट होता. मागच्या हिवाळ्यात थंडीने त्यांच्या बागांना चरका दिला होता. केळीचं नवं पान गुंडाळीसारखं वर येतं, त्याला पोगा म्हणतात. थंडी उतरली की पोगा करपतो आणि बाग आहे तिथे बसते, वाढतच नाही. पारा घसरायला लागल्याचं वेळेवर कळलं तर बागेला पाणी देता येतं, बांधावर धूर करता येतो. म्हणून प्रत्येक बागेत एक डबा पाहिजे होता, थंडीची खबर घरी देणारा. गटाचे अध्यक्ष म्हणजे आबा. पांढरी टोपी, मोजकं बोलणं. त्यांनी सोसायटीच्या ऑफिसात सगळ्यांना जमवलं होतं आणि एका कंपनीच्या माणसालाही बोलावलं होतं.

कंपनीचा माणूस बोलायला गोड आणि खरं सांगायचं तर कामाचाही होता. त्याच्या डब्यात मोबाइलसारखं सिम. टॉवर आहे तिथे प्रश्नच नाही. "सगळ्या बागा होतील," तो म्हणाला, "फक्त एक सोडावी लागेल. डोंगराकडची. तिथे रेंज नाही."

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. दाराशी कमलअक्का बसली होती. नवरा गेल्यापासून बाग एकटीने सांभाळणारी, साठीला टेकलेली बाई. तिची बाग सातपुड्याच्या पायथ्याशी, खोलात. मागच्या थंडीत सगळ्यात जास्त मार तिला बसला होता. दीर म्हणत होता, मोडून टाका, हरभरा पेरा. "यंदा बाग गेली त मी केळ सोडली," अक्का म्हणाली, "मंग तुमी डबे लावा नाही त हंडे लावा, मले काय?"

सर उठले. मी उजव्या बाजूला होतेच, मी त्यांना अक्काचं बोलणं पुन्हा सांगितलं. "थंड हवा जड असते," ते म्हणाले. "उतारावरून घरंगळत येते आणि खोलात साचते. म्हणजे थंडी सगळ्यात आधी या बाईंच्या बागेत येणार. आणि सोडायची कोणती? तीच? मग बाकीचे डबे काय शोभेला?" मग ते पेटलेच. एकाने वाय-फायचं नाव काढलं, तर त्याला विचारलं, "भाऊ, तुमचं वाय-फाय तुमच्या ओट्यापर्यंत तरी येतं का?" सगळे हसले, तोही हसला. उपग्रहाचं कुणीतरी विचारलं, त्यावर, "एवढ्याशा थर्मामीटरला उपग्रह? नाकापेक्षा मोती जड." शेवटी आपला रेडिओ बाहेर काढला. थोडं थोडं बोलणारा, लांब ऐकू जाणारा, हाताच्या पंजाएवढ्या सोलर पाटीवर चालणारा. आमच्या धंद्यात त्याला लोरा म्हणतात. तो फोटो पाठवणार नाही, गाणं पाठवणार नाही. फक्त आकडा पाठवेल, पण खोलातूनही पाठवेल. "जाळं निवडायचं ते शेवटच्या माणसाकडे बघून," असं म्हणून ते खाली बसले. आबांनी अक्काकडे बघितलं, मग आमच्याकडे, आणि काम आम्हाला दिलं.

मी आता पुण्यात असते. मोठमोठ्या नद्यांवर, घाटात, जंगलात यंत्रं बसवणाऱ्या लोकांत बसते. कोणतं बिनतारी तंत्र घ्यायचं यावर तिथे चकचकीत सादरीकरणं होतात. नकाशावर सगळीकडे हिरवा रंग असतो आणि कोपऱ्यात कुठेतरी एक पांढरा ठिपका. माझा हात त्या ठिपक्यावर जातो. सर आता नाहीत, पण अशा वेळी त्यांची फार आठवण येते.

आषाढात आम्ही चाचणी घेतली. केळीची लावण नुकतीच झालेली, रोपं गुडघ्याएवढीही नव्हती. अक्काच्या बागेत लोखंडी पाइप उभा केला आणि त्यावर डबा चढवला. पाइप किती उंच हवा, हे सरांनीच ठरवलं. सर धुळ्याचे, मी पाचोऱ्याची. दोघंही कपाशी आणि बाजरीच्या मुलखातली माणसं. कपाशी छातीला लागते, बाजरी फार तर डोक्याच्या थोडी वर जाते. म्हणून आम्ही पाइप बाजरीहून हातभर उंच घेतला आणि खूश झालो. गावकरी बघत उभे होते. त्यांना केळ किती वाढते हे माहीत होतं, पण पानांचा आणि रेडिओचा काही संबंध असतो हे माहीत नव्हतं. आम्हाला संबंध माहीत होता, पण केळ माहीत नव्हती. सोसायटीच्या गच्चीवर सर भोंग्याला उजवा कान लावून बसले होते. भोंगा वाजला, त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "बठ्ठं सोपं शे." म्हणजे, सगळं सोपं आहे. अंतर्बाह्य खूश झाले की त्यांच्या तोंडून अहिराणी निघायची.

त्या दिवशी अक्काने कळण्याची, ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी आणि ठेचा खाऊ घातला. सर बागेतल्या डब्याकडे बघत जेवले.

नवरात्र संपलं आणि अक्काचा डबा अडखळायला लागला. एक निरोप यायचा, दोन गळायचे. दिवाळीच्या तोंडावर तो पार मुका झाला. मी जाऊन बॅटरी बदलली, वायरी तपासल्या. सगळं ठणठणीत. शेवटी सरांना घेऊन गेले. बागेच्या बांधावर ते उभे राहिले आणि वर बघितलं. आषाढात जिथे मोकळं आभाळ होतं तिथे आता पानांचं छप्पर झालं होतं. रुंद, हिरवी, पाण्याने भरलेली पानं. आमचा पाइप कुठे आहे ते शोधावं लागलं. पाण्याने भरलेलं पान रेडिओ पिऊन टाकतं, हे सरांनी आयुष्यभर वर्गात शिकवलं होतं. मलाही त्यांनीच शिकवलं होतं. ते कितीतरी वेळ बोललेच नाहीत. सर बोलत नाहीत हे मी पहिल्यांदा बघत होते आणि मला भीती वाटली.

अक्का शेजारी येऊन उभी राहिली. "केळ हाये, भाऊ," ती हळूच म्हणाली. "थांबत नही ते." तिच्या बोलण्यात राग नव्हता, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

सोसायटीत पुन्हा बैठक बसली. हवेत गारवा आला होता, वेळ काढण्यात अर्थ नव्हता. बाकीच्या बागांचे डबेही आता चाचपडायला लागले होते. कंपनीचा माणूस यायला तयार होता. अक्काची बाग सोडायची आणि मोकळं व्हायचं, असं बहुतेकांचं मत पडलं. कुणीतरी मागून सरांना प्रश्न विचारला. सरांना तो ऐकू गेला नाही, ते आबांकडेच बघत राहिले. मी प्रश्न पुन्हा सांगेपर्यंत मागच्या रांगेतून एक आवाज आला, दबका, पण नीट ऐकू येईल असा. "सरलेच ऐकू येत नही, मंग त्याहीचं यंत्र काय ऐकीन?" दोघं-तिघं हसले. उठून त्या माणसाची चांगली खरडपट्टी काढावी असं वाटलं, पण काढली असती तर झाकली मूठ उघडली असती. मी ओठ दाबून बसले. दाराशी बसलेल्या अक्काने मागे वळून त्या माणसाकडे एकदा बघितलं, मग सरांकडे. सर तसेच हसतमुख उभे होते. त्यांना काहीच माहीत नव्हतं.

मग ते म्हणाले, "चूक माझी आहे."

मी दचकले. नंतर काकूंना सांगितलं तर त्यांचाही विश्वास बसला नाही. "वाट बरोबर निवडली होती," सर म्हणाले. "उंची चुकली. पीक बघितलं नाही, नुसतं शेत बघितलं. ही चूक माझी. मला दोन दिवस द्या. नाही आवाज आला तर त्यांचे डबे लावा. मी स्वतः लावायला मदत करीन." आबांनी टोपी चाचपली. मग म्हणाले, "द्या दोन दिवस. आपल्या पोग्यांनी एवढी वाट पाह्यली."

दोन दिवसांत आम्ही लांब बांबू मिळवला. रेडिओ टोकाला बांधला, म्हणजे तो पानांच्या वर राहील. पण थर्मामीटर वर नेऊन चालणार नव्हतं. थंडी खाली साचते, आवाज वरून जातो. म्हणून थर्मामीटरची वायर बांबूवरून खाली सोडली आणि पोग्यांच्या उंचीवर बांधली. सकाळी मी डब्याचं झाकण लावून, तो दर थोड्या वेळाने आपोआप बोलेल असा लावून दिला. बांबू उभा करून दोऱ्यांनी ताण द्यायचं काम आबांच्या दोन गड्यांना समजावलं. सरांनी मला परत गावात यायला सांगितलं होतं. खोलातून फोन लागत नाही. बांबू उभा राहिला की नाही, हे कळायची एकच वाट होती. भोंगा वाजला तर राहिला.

सोसायटीच्या ओट्यावर लाकडी बाकडं होतं. बाकड्यावर यंत्र, यंत्राशेजारी सर. उजवा कान यंत्राकडे, एक हात बाकड्यावर. मी माझा लॅपटॉप उघडायला गेले तर त्यांनी बंद करायला लावला. आबा आले, गटातली माणसं आली, मागच्या रांगेतला तो माणूसही आला. अक्का बागेत जायला निघाली होती, हातात विळा, पण मधेच थांबली आणि बाकड्याच्या पायाशी जमिनीवर बसली. समोरून केळीच्या घडांनी भरलेला ट्रॅक्टर गेला, तो जाईपर्यंत सगळे ताटकळले.

भोंगा वाजला.

पातळ, टोकदार, अगदी स्वच्छ. आबांनी हात जोडले. मी सरांकडे बघितलं. सर तसेच बसले होते, कान यंत्राकडे, कपाळावर आठ्या, वाट बघत. त्यांना ऐकूच आलं नव्हतं. वयाबरोबर आधी टोकदार आवाज जातात. आषाढात भोंग्याला कान चिकटवून ऐकला होता, आता तेवढंही उरलं नव्हतं. तो भोंगा त्यांनी इतका टोकदार बनवला होता की सगळ्या गावाला ऐकू आला आणि फक्त त्यांना नाही. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. आता सर काहीतरी बोलतील म्हणून थांबले होते. आलं, सर, असं म्हणावं तर त्यांना ऐकू आलं नाही हे सगळ्यांदेखत सांगितल्यासारखं होणार. न म्हणावं तर हा माणूस असाच बसून राहणार. मागच्या रांगेतल्या माणसाने शेजाऱ्याला कोपर मारलं.

भोंगा दुसऱ्यांदा वाजला. आणि त्याच क्षणी अक्काने विळ्याची मूठ बाकड्याच्या पायावर आपटली. ठक्. मान वर न करता, जणू मुठीत सैल झालेलं पातं ठोकून बसवत होती. सरांचा बाकड्यावरचा हात हलला. त्यांनी खाली बघितलं. अक्का पात्याकडे बघत होती. पुन्हा भोंगा, पुन्हा ठक्. आता सरांनी हाताचा तळवा बाकड्यावर पसरला. पुढच्या खेपेला ठक् झालं तशी त्यांची मान हलली. "येतंय," ते म्हणाले, आणि मग मोठ्याने, सगळ्या ओट्याला ऐकू जाईल असं, "खोलातून येतंय!" माणसांनी टाळ्या वाजवल्या. आबांनी चहा सांगितला. अक्का उठली, विळा कमरेला खोचला आणि "चाललो, भाऊ, बागेत काम पडलंय" म्हणून निघून गेली. ती एकदाही सरांच्या तोंडाकडे बघून हसली नाही. हसली असती तर सगळं वाया गेलं असतं, हे तिला बरोबर माहीत होतं.

बाकीच्या बागांतही मग बांबू चढले. त्या हिवाळ्यात थंडी पडली, चांगली पडली. पहिली खबर अक्काच्या बागेतूनच आली आणि तिच्यामुळे सगळ्या गावाला आधी कळलं. धूर झाला, पाणी सुटलं. काही बागांची पानं पिवळी पडली, अक्काच्याही कडेच्या ओळी बसल्या. पण पोगे वाचले आणि बाग उभी राहिली. हरभऱ्याचा विषय नंतर कुणी काढला नाही.

हे सगळं पुढचं. मला मात्र त्या दिवसाची परतीची वाट जास्त आठवते. मी गाडी चालवत होते, सर डावीकडे. रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळीच्या बागा, संध्याकाळचं ऊन पानांवर. मला वाटलं होतं आता जळगाव येईपर्यंत ते सगळा दिवस पुन्हा सांगतील. पण ते गप्प होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, "पाचोरा, आवाज कसा होता गं?"

"स्वच्छ होता, सर. एकदम स्वच्छ."

"माले ऐकू नही उनं," सर म्हणाले. "एकबी नही."

इतक्या वर्षांत त्यांनी हे कुणाला सांगितलं नव्हतं, काकूंनाही नाही. डोळे भरून आले आणि समोरून केळीचे ट्रक येत होते, म्हणून मी रस्त्यावरची नजर काढली नाही. सर माझ्याकडे झुकले, उजवा कान माझ्या बाजूला करून.

"पण आलं ना?"

"आलं, सर. सगळे निरोप आले."

"मग झालं," सर म्हणाले, आणि खिडकीची काच खाली करून बागांकडे बघत बसले.